चौकशीवाले आबा

आबा कुठल्याही अभ्यासक्रमाचं माहितीपत्रक शेवटच्या पानापासून वाचायचे. पुढची पानं ते वाचत नसत असं नाही, पण तिथपर्यंत पोचेतो त्यांचं मत बहुतेक झालेलं असायचं. कुणी कारण विचारलं तर म्हणायचे, "पुढे त्यांची इमारत असते. फी परत कधी मिळते, परीक्षेची वेगळी किती, वसतिगृहाची अनामत किती, हे मागे बारीक अक्षरात असतं. आपला संबंध त्याच्याशी." हे बोलताना त्यांच्या आवाजात उपहास नसे. पुस्तक कोणत्या कपाटात आहे हे सांगावं तशा सुरात ते सांगत.

शिंदखेड्याच्या आमच्या कॉलेजात आबा ग्रंथालय परिचर होते. पुस्तकं जागेवर लावायची, नव्या पुस्तकांवर शिक्के मारायचे, सुटलेली पानं खळीने चिकटवायची आणि साहेबांसाठी चहा सांगायचा, हे त्यांचं काम. ग्रंथपाल वेगळे असत, पदवी घेतलेले. माझ्या तीन वर्षांत दोन ग्रंथपाल आले आणि कंत्राट संपल्यावर गेले. आबा तिथेच होते. त्यांचं पूर्ण नाव मी पहिल्यांदा वाचलं ते त्यांच्या निरोप समारंभाच्या फलकावर. तोवर आमच्यासाठी ते चौकशीवाले आबा होते, कारण पुढे काय शिकायचं हा प्रश्न पडलेलं प्रत्येक पोर शेवटी त्यांच्या टेबलापाशी येऊन थांबायचं.

त्यांची खरी माहिती एकाच शाखेची होती. ग्रंथालय आणि माहितीशास्त्र. आयुष्य त्याच्या उंबऱ्यावर गेल्यामुळे त्यातली प्रत्येक पदवी, पदविका, नियमित, दूरस्थ, सरकारी, खासगी असे सगळे प्रकार त्यांना पाठ होते. या विषयाचं नाव बदलत गेलेलंही त्यांनी पाहिलं होतं. आधी नुसतं ग्रंथालयशास्त्र होतं, मग त्याला माहितीशास्त्र जोडलं गेलं, मग कुठे माहिती व्यवस्थापन झालं, कुठे डेटा आला. "नाव लांबलं की फी लांबते," ते म्हणायचे. "अभ्यास किती लांबला ते बघून ये."

बघून ये म्हणजे खरोखर बघून ये. फीची तुलना कुणीही करेल, दोन आकडे शेजारी मांडले की झालं, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यांना हवा असायचा तो शिकून बाहेर पडलेला माणूस. तो आता कुठे आहे, पहिली नोकरी लागायला किती महिने गेले, सांगितलेली फी किती आणि शेवटी लागली किती, आणि आज पुन्हा निवड करायची झाली तर तो काय करेल. हा शेवटचा प्रश्न विचारून झाला की आबा गप्प बसत आणि समोरचा बोलेपर्यंत बसूनच राहत.

या सगळ्याची नोंद ते कॅटलॉगच्या जुन्या कार्डांवर करायचे. कॉलेजात संगणक आल्यावर पुस्तकांची ती हजारो कार्डं रद्दीत निघाली होती. आबांनी प्राचार्यांना विचारून दोन खण भरतील इतकी ठेवून घेतली. कार्डाच्या एका बाजूला एखाद्या पुस्तकाचं नाव टंकलेलं, दुसऱ्या कोऱ्या बाजूला एका माणसाची हकिकत. लिहिणं नेमकं आणि कोरडं. "पुणे. दोन वर्षं. सांगितली त्याहून मेस वेगळी. सात महिने घरी. आता नाशिक, पगार घरी वाढवून सांगतो." असली वाक्यं वाचताना हसू यायचं, पण आबा ती कार्डं कुणाच्या हातात देत नसत. ते स्वतः वाचून दाखवत आणि नाव गाळत.

मी दुसऱ्या वर्षाला होते तेव्हा पुण्याच्या एका खासगी संस्थेचे गृहस्थ कॉलेजात व्याख्यानाला आले होते. पडद्यावर चित्रं दाखवून त्यांनी माहितीशास्त्राचं भविष्य सांगितलं आणि शेवटी शंभर टक्के नोकरीची हमी दिली. आबा मागे पाण्याचे ग्लास घेऊन उभे होते. प्रश्न विचारा असं म्हटल्यावर मुलांतून कुणी उठलं नाही, तेव्हा आबांनी ट्रे खिडकीत ठेवला आणि म्हणाले, "साहेब, त्या शंभरातल्या एकाचा फोन नंबर द्या."

गृहस्थ हसले. पाठवतो म्हणाले. आबांनी त्यांचं व्हिजिटिंग कार्ड मागून घेतलं आणि पुढचे तीन आठवडे दर सोमवारी त्यांना फोन केला. शेवटी एक नंबर आला. मुलगा सापडला, बोललाही मोकळेपणाने. तो त्याच संस्थेत नोकरीला होता. प्रवेशासाठी चौकशी करणाऱ्यांना फोन लावायचं काम त्याच्याकडे होतं. आम्ही हसलो. आबा हसले नाहीत. कार्डावर लिहिता लिहिता ते म्हणाले, "नोकरी लागनी हाई खरं शे. त्यानं खोटं सांगं नही." कॉलेजात ते सहसा शुद्ध बोलत. मनातलं बोलायचं असलं की अहिराणीवर येत.

एवढं करूनही आबा कुणाला सल्ला देत नसत. हे मला बरेच दिवस विचित्र वाटायचं. सगळं माहीत असलेला माणूस "तू काय करावंस" एवढं सोडून बाकी सगळं सांगतो, याचा राग येणारी मुलंही होती. त्यामागची गोष्ट मला त्यांनीच सांगितली, मी फार मागे लागले तेव्हा.

माझ्या आधी काही वर्षं कॉलेजात रमिला नावाची मुलगी होती. शिरपूरच्या पुढे सातपुड्यातल्या एका पाड्यावरची. तिच्या घरात कॉलेजपर्यंत आलेली ती पहिलीच. वाचायची भूक मोठी होती, ग्रंथालय बंद होईपर्यंत बसायची, आणि तिला ग्रंथपाल व्हायचं होतं. जळगावला राहून नियमित पदवी घ्यायची की घरी राहून दूरस्थ अभ्यासक्रम करायचा, असा प्रश्न होता. आबांनी खर्च मांडला आणि स्पष्ट सांगितलं, दूरस्थ कर. फी थोडी, घरचं काम सुटत नाही, आणि पदवी ती पदवी.

तिने ऐकलं. चांगल्या गुणांनी पास झाली. पुढे तिच्याच भागातल्या एका शिक्षणसंस्थेत ग्रंथपालाची जागा निघाली. पाड्यापासून चालत जाता येईल इतकी जवळ. मुलाखतीच्या दिवशी समितीने तिचा अर्ज बाजूला काढला. आम्हाला नियमित शिकलेला उमेदवार हवा आहे, असं सांगितलं. ते नियमाला धरून होतं की नव्हतं, यावर भांडता आलं असतं. पण भांडायला कुणी नव्हतं, आणि जागा भरली गेली.

हे आबांना दोन महिन्यांनी कळलं. त्यांनी एक दिवसाची रजा टाकली, शिरपूरपर्यंत एसटीने आणि पुढे जीपने गेले. रमिला शेतात होती. तिचे वडील अंगणात बसले होते. आबा त्यांना म्हणाले, "भाऊ, तिनी चूक नही. चूक मन्ही शे. मी तिले सांगं व्हतं."

वडिलांनी त्यांना पाणी दिलं, भाकरी खायला बसवलं. रागावले नाहीत. आबा मला म्हणाले, "ते रागावते तर बरं झालं असतं." परत आल्यावर त्यांनी रमिलाच्या कार्डावर खाली दोन शब्द लिहिले, 'सल्ला माझा', आणि त्यानंतर कुणाला कर किंवा करू नको असं म्हटलं नाही. ती आता पाड्यावरच्या मुलांना शिकवते, एवढं त्यांनी सांगितलं. बरी आहे का, असं मी विचारलं. "ते तिले इचारनं पडी," ते म्हणाले. "मी आते नही सांगाव."

माझी पाळी आली तेव्हाही तसंच झालं. बी.ए. झाल्यावर मला याच शाखेकडे जायचं होतं. माझे वडील, त्यांना आम्ही अण्णा म्हणतो, एसटीत कंडक्टर होते. त्यांच्या एका सहकाऱ्याच्या मुलाने पुण्यात शिकून नोकरी मिळवली होती, त्यामुळे पुणे या शब्दावर अण्णांचा फार विश्वास होता. फंडातून पैसे काढायची त्यांची तयारी होती. दुसरा मार्ग जळगावचा, विद्यापीठातली एक वर्षाची पदवी. तिची फी पुण्याच्या फीपुढे काहीच नव्हती, आणि नेमकं त्यामुळेच अण्णांना ती पदवी कमअस्सल वाटत होती.

आबांनी खणातून दोन कार्डं काढली, दोन नंबर कागदावर लिहून दिले आणि अण्णांना म्हणाले, "भाऊ, एक सुट्टी काढा. पोरीला घेऊन दोघांना भेटा. मग ठरवा."

आम्ही आधी भडगावला गेलो. मीनल नावाची मुलगी तिथे ऑनलाइन अर्ज भरून देण्याचं आणि झेरॉक्सचं दुकान चालवत होती. पुण्यातून माहितीशास्त्राची पदव्युत्तर पदवी घेतलेली. दुकानामागच्या खोलीत तिची आई खाटेवर पडून होती. अण्णांना दुकान बघूनच धक्का बसला असावा. त्यांनी सरळ विचारलं, "एवढा खर्च केला, आणि हे?"

"दुकान आईमुळे आहे, काका. पदवीमुळे नाही," मीनल शांतपणे म्हणाली. "शिकवलं त्यांनी चांगलं. कंपनीत दीड वर्ष होते, काम आवडायचं. पण शिक्षणाच्या कर्जाचा हप्ता, खोली, मेस, सगळं जाऊन हातात उरायचं नाही. आई पडली तेव्हा दोन महिने बिनपगारी थांबता आलं असतं तर नोकरी राहिली असती. तेवढं थांबायची सोय माझ्याकडे नव्हती."

मी आबांचा प्रश्न विचारला. पुन्हा ठरवायचं झालं तर कुठे जाशील.

तिने आधी एकाला दाखल्याची झेरॉक्स काढून दिली. मग म्हणाली, "तिथेच जाईन. पण आधी दोन वर्षं कुठेतरी काम करून."

जळगावला योगेश नावाचे गृहस्थ एका कॉलेजच्या ग्रंथालयात सहायक होते. विद्यापीठाची पदवी घेतलेले. त्यांनीही काही लपवलं नाही. फी कमी लागली, पण शिकवायला माणसं अपुरी होती, संगणकाचं बरंचसं त्यांना स्वतःचं स्वतः शिकावं लागलं. पहिली नोकरी लागायला वर्ष गेलं. आताचीही कंत्राटी होती आणि दर अकरा महिन्यांनी धाकधूक असायची. पुन्हा ठरवायचं झालं तर, यावर ते हसले. "मी बँकेच्या परीक्षा दिल्या असत्या," ते म्हणाले. "पण ते तुमच्या कामाचं उत्तर नाही."

परतीच्या बसमध्ये अण्णा तिकीट हातात घेऊन बसले होते. दुसऱ्या कंडक्टरने फाडलेलं तिकीट ते नेहमी नीट तपासत, त्या दिवशी त्यांनी पाहिलंही नाही. अमळनेर गेल्यावर म्हणाले, "दोघंही खरं बोलले. आता काय करायचं?" मी जळगाव म्हटलं. मीनलने सांगितलेली ती थांबायची सोय माझ्या डोक्यात बसली होती. मला वाटतं त्यांना थोडं हलकं वाटलं आणि थोडं वाईटही वाटलं.

पदवी झाली आणि मी घरी बसले. जाहिराती येत, अर्ज जात. आबा महिन्याच्या पहिल्या आठवड्यात फोन करायचे आणि विचारायचे, "लागली का?" मी नाही म्हणायचे. ते "बरं" म्हणायचे आणि फोन ठेवायचे. मला वाटायचं की फोन ठेवून ते कार्डावर एक रेघ ओढत असणार. पाचव्या महिन्यात मी त्यांना म्हणाले, "आबा, मी तुमची नोंद नाही. मला फोन करत जाऊ नका."

ते म्हणाले, "बरोबर शे, माय." पुढच्या महिन्यात फोन आला तेव्हा त्यांनी फक्त जेवलीस का विचारलं. मी जेवले होते. मग त्यांनी शिंदखेड्यात पाऊस नसल्याचं सांगितलं, अण्णांच्या गुडघ्याबद्दल विचारलं आणि फोन ठेवला. पुढचे तीन महिने असेच फोन आले. नोकरीचा शब्द त्यांनी काढला नाही.

नवव्या महिन्यात मला धुळ्याच्या एका खासगी रुग्णालयात काम मिळालं. रुग्णांच्या नोंदी लावायच्या, जुन्या फायली संगणकावर चढवायच्या, डॉक्टरांना हवी ती हकिकत पाच मिनिटांत शोधून द्यायची. ग्रंथालयाशी त्याचा वरवर काही संबंध नाही, पण मी शिकले ते नेमकं हेच होतं. ते मी आबांना फोनवर सांगितलं. त्यांनी विचारलं, "लिहू का?" मी लिहा म्हटलं.

त्याच्या पुढच्या वर्षी आबा साठाव्या वर्षी निवृत्त झाले. निरोप समारंभात शाल, श्रीफळ आणि चार भाषणं झाली. त्यांच्या जागी माणूस नेमला गेला नाही, पद तसंच रिकामं राहिलं. आबांनी उत्तरादाखल दोन वाक्यं बोलून नमस्कार केला. मग जूनमध्ये एक दिवस त्यांचा फोन आला. जळगावच्या विद्यापीठात ग्रंथालय आणि माहितीशास्त्राच्या नियमित पदवीला त्यांनी प्रवेश घेतला होता.

मला आधी कळलंच नाही. बी.ए. त्यांनी चाळिशीत बाहेरून परीक्षा देऊन केलं होतं, हे मला माहीत होतं. त्यापुढे त्यांनी एकदा याच पदवीला प्रवेश घेतला होता, हे माहीत नव्हतं. चार दिवस वर्गात बसले होते. पाचव्या दिवशी धाकट्या भावाला अपघात झाल्याचा निरोप आला, आणि भाऊ गेल्यावर दोन घरं त्यांच्यावर आली. कॉलेजने तेव्हा शिकायला रजा दिली होती, पण पुन्हा वर्षभराची कोण देणार. हे त्यांनी मला फोनवर तीन-चार वाक्यांत सांगितलं, आणि पुढे म्हणाले, "आते रजा लागत नही."

मी विचारायला नको होतं, पण विचारलं. "आबा, याचा उपयोग काय होणार?"

"काही नही," ते म्हणाले. "खर्च शे, उपयोग नही. मी हिसाब करेल शे."

वर्षभर ते सकाळच्या पॅसेंजरने जळगावला जायचे आणि संध्याकाळी परत यायचे. वर्गातल्या विशी-बाविशीच्या मुलांनी पहिल्या दिवशी त्यांना शिपाई समजून फळा पुसायला सांगितलं, आणि त्यांनी पुसला. दुसऱ्या दिवशी हजेरीत नाव आलं तेव्हा मुलं ओशाळली. नंतर तीच मुलं वर्गीकरणाची गणितं सोडवायला त्यांच्या भोवती बसू लागली, कारण पुस्तकाला क्रमांक कसा द्यायचा हे आबांच्या हाताला माहीत होतं, त्यामागचं कारण तेवढं ते आता शिकत होते. संगणकाच्या पेपरात त्यांना जेमतेम गुण मिळाले. बाकी चांगले होते. निकालाच्या दिवशी त्यांनी मला गुणपत्रिकेचा फोटो पाठवला, खाली काही लिहिलं नव्हतं.

पुढच्या हिवाळ्यात आबा गेले. सकाळी अंगणात बसले होते, तिथेच. मला निरोप उशिरा मिळाला, त्यामुळे मी तेराव्याला, गंधमुक्तीच्या दिवशी गेले. पत्रिका छापलेली होती. त्यांच्या मुलीने नावापुढे पदवी घातली होती. छापणाऱ्याने तिला विचारलं होतं, शोकपत्रिकेत पदवी कशाला, जागा जाते. ती त्याला म्हणाली होती, अक्षर बारीक करा, पण राहू द्या.

मंडळी पांगल्यावर मी आबांच्या पत्नीजवळ बसले. त्यांना सगळे अक्का म्हणत. पांढऱ्या लुगड्याचा पदर त्या बोटाला गुंडाळत होत्या आणि सोडत होत्या. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "माय, तू शिकेल शे. त्या पदवीनं त्यासनं काय व्हयनं?" तक्रार नव्हती. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

"नोकरीचं तर काही नव्हतं, अक्का," मी म्हटलं.

"ते माले बी माहीत शे," त्या म्हणाल्या. "पन त्या वरीसले ते सकायले आंघोय करता करता गानं म्हनेत. लगीन व्हयनं तवयपासून मी त्यासनं गानं आयकेल नव्हतं."

कोणतं गाणं, मी विचारलं. अक्कांना शब्द आठवत नव्हते. चाल आठवत होती. त्यांनी ती हलक्या आवाजात दोन ओळींपुरती गुणगुणून दाखवली, आणि मग चहाचं बघायला आत गेल्या.